साडेपाचशेंतले चाळीस

अमेरिकेतल्या युटा राज्यात ब्रिगहॅम यंग विद्यापीठ आहे. तिथल्या मायकेल लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी समुपदेशन केंद्रातल्या थेरपिस्टना एक प्रश्न घातला: तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी उपचारांनंतर कोणाची अवस्था आधीपेक्षा वाईट असेल? शंभरातले साधारण आठ जण बिघडतात, हेही आधीच सांगून टाकलं होतं. एकूण माणसं साडेपाचशे. थेरपिस्टनी बोट ठेवलं तिघांवर. प्रत्यक्षात बिघडले चाळीस, आणि त्या तिघांतला एकच त्यांत निघाला.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाची खरी गंमत पुढेच आहे. ही सगळी माणसं भेटीआधी पंचेचाळीस प्रश्नांचा एक कागद भरत होती. मनःस्थिती कशी आहे, घरच्यांशी पटतं का, कामात लक्ष लागतं का, असे साधेच प्रश्न. त्या उत्तरांची बेरीज आणि थोडं गणित, एवढ्यावर बिघडणाऱ्यांपैकी बहुतेक जण वेळेत ओळखता आले. थेरपिस्टच्या नजरेतून सुटलेलं कागदाला दिसलं, कारण कागदावर स्वतः त्या माणसानंच लिहिलं होतं!

म्हणून कोणी ‘थेरपी घेतली आणि जास्तच बिघडलं’ म्हणालं, की ‘तू मनापासून केली नसशील’ हे आपलं ठरलेलं उत्तर मला फार क्रूर वाटतं. कधी कधी उपचाराची पद्धतच चुकलेली असते. मोठा आघात झाला की माणसाला लगेच बसवून सगळं सविस्तर बोलतं करायचं, ही पद्धत १९८० च्या दशकात जगभर पसरली. बोलून मोकळं व्हावं, हे तर आपल्याकडे आजीही सांगते. वेल्समध्ये भाजलेल्या रुग्णांवर जोनाथन बिसन यांनी ही पद्धत तपासली; निष्कर्ष १९९७ मध्ये आले. तेरा महिन्यांनी, असं एकदा बोलतं केलेल्यांपैकी २६ टक्क्यांना आघातोत्तर ताणविकार होता. ज्यांना तसं बोलतं केलं नव्हतं, त्यांच्यापैकी ९ टक्क्यांना. पहिल्या गटाच्या जखमा मुळातच थोड्या गंभीर होत्या, तेव्हा सगळा दोष बोलण्यावर टाकता येत नाही. पण नंतर अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हाही अशा एका बैठकीचा फायदा दिसला नाही. आज जागतिक आरोग्य संघटना आघातानंतर वेगळंच सुचवते: आधी सुरक्षितता, पाणी, निवारा, आपली माणसं. आणि बोलायचं असेल तर ऐकणं. बोलायला लावणं नाही.

मेंदू भीती कशी शिकतो, हे पाहिलं की अशा एका बैठकीनं भीती न जाण्याचं नवल थोडं कमी होतं. भीती विरते तेव्हा जुनी आठवण पुसली जात नाही. तिच्या शेजारी ‘इथे धोका नाही’ असा नवा धडा तयार होतो. हा नवा धडा जागेला फार चिकटून असतो. प्रयोगात उंदराच्या मनातली भीती एका पेटीत घालवली, तरी दुसऱ्या पेटीत ती परत डोकं काढते. तसंच माणसाचं. आधीच्या थेरपिस्टच्या ज्या खोलीत तुमच्यावर अविश्वास दाखवला गेला, तशीच दुसरी खोली, तशीच समोरासमोरची खुर्ची दिसल्यावर छाती धडधडली, तर तो हट्ट नव्हे. शरीर आपलं शिकलेलं चोख पाळतंय. नव्या ठिकाणी नवा धडा मिळू शकतो, मात्र त्याला वेळ लागतो.

त्यामुळे असा अनुभव घेऊन दुसऱ्या थेरपिस्टकडे गेलात, तरी पहिल्याच भेटीत आघाताची कहाणी सांगायलाच हवी, असं मुळीच नाही. मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी आघातातून सावरण्यावरच्या आपल्या १९९२ च्या पुस्तकात क्रम मांडला तोच मुळी सुरक्षिततेपासून. आठवणींची पाळी नंतर. पहिली भेट चौकशीत घालवा. आघातावर कोणती पद्धत वापरता? मी ‘थांबा’ म्हटलं तर काय कराल? माझं बिघडतंय की सुधारतंय, हे कसं मोजाल? शेवटच्या प्रश्नावर जो चिडेल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये, असं माझं मत. आधीच्या ठिकाणी काय खटकलं, तेही सांगा. चांगला थेरपिस्ट ते टिपून घेतो, आधीच्याची वकिली करत नाही.

भारतातल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा आणि आपली मूलभूत वैद्यकीय नोंद मागण्याचा हक्क दिला आहे, म्हणजे जुन्या दवाखान्यातली नोंद घेऊन नव्या थेरपिस्टकडे जाता येतं. समोर बसण्याचीच धास्ती असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, विनामूल्य. नको वाटलं तर मधेच फोन ठेवून द्यावा.