पश्चिमेची भिंत

पहाटे 5.50. एप्रिल लागला की नागपुरात आमच्या कामाची वेळ ऊनच ठरवतं. पश्चिमेची भिंत दुपारी साडेबारापर्यंत सावलीत असते. एकदा तापली की वीट मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते आणि चिकटवलेला थर्माकोलचा बोर्ड दोन दिवसांत हातात येतो. म्हणून चहासुद्धा परांचीवरच.

6.30. घर जुनं, एकमजली, नऊ इंची विटांचं. घरमालक काकांनी ही भिंत उन्हापासून झाकायला बोलावलं तेव्हा मी आधी गच्चीवर गेले होते. एकमजली घरात उन्हाचा मोठा मार स्लॅबवर बसतो. तो उघडा असेल तर भिंतीवर पैसे घालण्यात अर्थ नाही. पण वर पांढऱ्या चायना मोझॅकचा कोबा होता, चांगला. मग भिंत.

"थर्माकोल? गणपतीच्या मखराचा?" काकांनी विचारलं होतं. मखराच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, आणि आमचा तो नव्हेच. हा दाट, आग पसरू न देणारा. तरी मीटरच्या पेटीभोवती मी न जळणारं रॉकवूलच लावते. तिथे काटकसर करणाऱ्याकडून काम करून घेऊ नये.

7.40. गवंडीभाऊ बोर्डाच्या कडेने मसाल्याचा सलग पट्टा ओढतात, मध्ये चार-पाच ढब्बे. पट्टा तुटला तर मागे हवा खेळते. बोर्ड विटांसारखे, सांधे मोडून. खिडकीशी बोटभर फट राहिली, ती त्यांनी मसाल्यानेच लिंपली.

"एवढ्या फटीनं काय होते जी, मॅडम?"

दोन इंच थर्माकोल जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला विटांची भिंत मीटरभर जाड बांधावी लागेल. त्यात मसाल्याची एक रेघ ठेवली की उन्हाला आयती वाट मिळते. मसाला ओला होता तोवर उकरायला लावला आणि फटीत बोर्डाचीच पट्टी कापून बसवली. भाऊ अर्धा तास बोलले नाहीत.

10.15. परवाच्या बोर्डांना ड्रिल मारून प्लॅस्टिकचे फासनर ठोकले. मसाला पुरता धरल्याशिवाय हे करायचं नाही. बोर्ड थरथरून सुटतो.

11.45. काम बंद. उघड्या बोर्डांवर हिरवी जाळी. उन्हात थर्माकोल पिवळा पडतो, मग त्यावर गिलावा नीट धरत नाही.

1.00. जेवताना काकूंची जुनीच हरकत: आतून का नाही लावलं, परांचीचा खर्च वाचला असता. आतून लावायचं तर जिप्सम बोर्डामागे रॉकवूल. खोली तीन इंचांनी आखडते, देवाची तसबीर टांगायला साधा खिळा धरत नाही, वर कूलरची दमट हवा मागे शिरायची भीती. आणि वीट बाहेर तापत राहते ती राहतेच. बाहेरून पांघरूण घातलं की वीटच सावलीत येते.

4.00. उघड्या विटांवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला: 54. भिंत दुपारभर ऊन खाते आणि रात्री खोलीत ओकते. काकू उन्हाळाभर पलंग भिंतीपासून दोन हात ओढून झोपतात, त्या याच कारणासाठी.

6.15. दुसऱ्या टोकाला जाळीचा थर. काचेच्या धाग्यांची जाळी ओल्या मसाल्यात दाबायची, शेजारच्या पट्टीवर चार इंच चढवून. हे काम संथ आणि कंटाळवाणं, पण नाही केलं तर पहिल्या पावसाळ्यात भिंतीवर नकाशे उमटतात.

9.30. खरी परीक्षा रात्रीच, कारण नऊ इंची विटेतून ऊन आत पोचायला सहा-आठ तास घेतं. काकूंच्या खोलीत दिवा न लावताच माप घेतलं. उघडी बाजू 39, झाकलेली 34. काकूंनी दोन्हीकडे तळवा टेकवून पाहिला, बोलल्या काहीच नाहीत. मग काकांनी यंत्र घेतलं आणि झाकलेल्या भागात खिडकीच्या वर धरलं.

"इथं 38 कसं?"

छज्जा. भिंतीतून बाहेर आलेली काँक्रीटची फळी उन्हात तापते आणि ऊन थेट आत आणते. माझ्या अंदाजपत्रकात ती नव्हती, चूक माझीच. वहीत लिहिलं: उद्या सहाला, छज्ज्याला वरून-खालून एक इंची बोर्ड, वर पाण्याला उतार. काकांकडून जास्तीचे पैसे नाहीत.