घरपट्टीच्या पावतीखालची उतरंड

धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब, भूम किंवा लोहारा तालुक्यातल्या कुठल्याही गावात ग्रामपंचायतीत घरपट्टी भरली की हाती एक पावती पडते. नाव, घर क्रमांक, रक्कम, सही. एवढ्याशा कागदाला आपल्या खिशात हात घालायचा अधिकार कुठून येतो?

जुन्या घरात मडक्यांची उतरंड असायची, सर्वांत मोठं मडकं तळाला. ही पावतीही तशाच उतरंडीच्या टोकावर बसलेली आहे. तिच्या खाली 1960 चे ग्रामपंचायत कर व फी नियम. आकारणी कशी करायची, यादी कशी लावायची, हरकत कशी ऐकायची, हे ते सांगतात. नियमांच्या खाली विधिमंडळाने केलेला 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम. त्याच्या कलम 124 मध्ये पंचायतीला कोणते कर घेता येतील, ते मोजून दिले आहेत. आणि सगळ्यांच्या तळाला संविधान. त्याचा अनुच्छेद 265 म्हणतो की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही.

गंमत पाहा. कलम 124 घरावर कर बसवू देतं, पण शेतसारा लागू असलेली जमीन वगळतं. म्हणजे घराला घरपट्टी आहे, मागच्या सोयाबीनच्या वावराला नाही. उद्या शासनाने नियमात लिहिलं, ‘वावरावरही घ्या’, तर तो नियम टिकणार नाही. नियम कायद्यातून जन्मतो, म्हणून त्याला कायद्याची रेघ ओलांडता येत नाही. परिपत्रक तर नियमाच्याही वरचं हलकं मडकं. कारभार कसा करावा हे ते सांगू शकतं, पण नवा एक रुपयाही मागू शकत नाही.

कायद्याचं हे बंधन किती मोठं आहे, हे याच मातीत कळतं. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तिथे फर्मान हाच कायदा होता. निजामाची इच्छा फर्मानातून प्रकट होई आणि ती कायद्याइतकीच बंधनकारक असे, असं पुढे सर्वोच्च न्यायालयानेही नोंदवलं. उतरंड नव्हतीच, एकच मडकं होतं.

आज त्याच धाराशिवमध्ये सर्वांत मोठ्या अधिकाऱ्यालाही एका रुपयासाठी कलम दाखवावं लागतं. आणि ते कलम मागण्याचा हक्क पावती घेणाऱ्या प्रत्येकाला आहे.