विमानामागची पांढरी रेघ

भारताच्या नकाशावर दिल्ली ते चेन्नई आणि मुंबई ते कोलकाता अशा दोन सरळ रेषा ओढा. त्या वर्धा जिल्ह्याच्या आसपासच एकमेकींना छेदतात. विमानांचे प्रत्यक्ष मार्ग थोडे वळणाचे असतात; तरी आपल्या डोक्यावरून इतकी विमाने का जातात, ते यावरून कळते. त्यांच्यामागे कधी कधी पांढरी रेघ उमटते. मुले म्हणतात, रॉकेट गेले. कोणी तिला धूर म्हणतो, कोणी फवारणी. पाऊस लांबला की विमानांनी ढग पळवले, असेही बोलले जाते. दुबार पेरणीची धास्ती असलेल्या घरातला विद्यार्थी ही शंका विचारतो, तेव्हा ती हसण्यावारी नेऊ नये. आपण ती तपासून पाहू.

१ किलो विमान-इंधन जळाले की सुमारे सव्वा किलो पाण्याची वाफ तयार होते. इंधनापेक्षा पाणी जास्त कसे? इंधनातील हायड्रोजनला हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो म्हणून. विमान १० ते १२ किलोमीटर उंचीवर असते. तिथे तापमान शून्याखाली ३० ते ५० अंश असते. इंजिनातून निघालेली वाफ थंड होऊन काजळीच्या कणांभोवती तिचे थेंब बनतात आणि लगेच गोठतात. थंडीत तोंडातून निघणारी वाफ दिसते, तसाच हा प्रकार. थंड व्हायला क्षणभर लागतो, म्हणून रेघ इंजिनाच्या किंचित मागे सुरू होते.

वरची हवा कोरडी असेल तर हे हिमकण मिनिटभरात विरतात. ती दमट असेल तर रेघ तासन्‌तास टिकते, पसरते. म्हणजे रेघ हे वरच्या हवेतील ओलाव्याचे मोजमापच!

आता ढगांचे पाहू. मध्यम आकाराचे प्रवासी विमान किलोमीटरमागे सुमारे ३ किलो इंधन जाळते, म्हणजे जेमतेम ४ लिटर पाणी. एका एकरावर फक्त १ मिलिमीटर पाऊस पडला, तरी ते ४,००० लिटर पाणी होते. शिवाय पावसाचे बहुतेक बाष्प खालच्या ३-४ किलोमीटरच्या थरात असते. ही विमाने त्याच्या कितीतरी वरून जातात. कृत्रिम पावसाची विमाने वेगळी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ व २०१९ मध्ये सोलापूर भागात असे प्रयोग केले. ती विमाने मुद्दाम पावसाळी ढगांपाशी जातात, तीही पाऊस वाढवण्यासाठी.

मात्र टिकणाऱ्या रेघा जमिनीकडून वर जाणारी उष्णता अडवतात, तापमानवाढीला हातभार लावतात. काळजी करायची तर तिची.

महिनाभर वर्गात नोंदवही ठेवा: तारीख, वेळ, रेघ किती मिनिटे टिकली, आकाश कसे होते. उत्तर मुलांनाच सापडेल.