शब्दाची नेमकी कक्षा: ओमानमध्ये राहून प्रगत फ्रेंच शिकताना

मस्कतच्या जुन्या शहरात ‘बैत फ्रांसा’ नावाची एक वास्तू आहे. १८९६ ते १९२० या काळात तेथे फ्रेंच वकिलात होती. १९९२ साली त्याच वास्तूत फ्रान्स आणि ओमान यांच्या संबंधांचे संग्रहालय सुरू झाले. या संबंधांतील सर्वांत गाजलेला वाद मात्र सूर बंदरातील गलबतांवरून उद्भवला. तेथील काही गलबतमालक सुलतानांचे प्रजाजन असूनही फ्रेंच ध्वज लावून समुद्रसंचार करीत. ब्रिटनने त्यास हरकत घेतली, प्रकरण हेग येथील स्थायी लवाद न्यायालयापुढे गेले आणि ८ ऑगस्ट १९०५ रोजी निवाडा झाला.

या निवाड्याचा गाभा होता एक फ्रेंच शब्द: ‘प्रोतेझे’, म्हणजे संरक्षित व्यक्ती. गुलामांच्या व्यापारास आळा घालण्यासाठी १८९० साली झालेल्या ब्रुसेल्स करारानुसार स्थानिक गलबतांना आपला ध्वज देताना राष्ट्रांवर बंधन होते: गलबताचा मालक त्या राष्ट्राचा प्रजाजन तरी असावा किंवा ‘प्रोतेझे’ तरी. शब्दाचा ढोबळ अर्थ दोन्ही पक्षांना ठाऊक होता. प्रश्न होता त्यात नेमके कोण बसते याचा. २ जानेवारी १८९२ पूर्वी परवानगी मिळालेल्यांचा हक्क लवादाने राखला. त्यानंतरच्यांपैकी मात्र १८६३ पूर्वीपासून फ्रान्सने आपल्याला संरक्षित मानल्याचे जे सिद्ध करू शकतील, त्यांनाच ध्वजाचा अधिकार दिला. एका शब्दाची कक्षा ठरली आणि सूरच्या गलबतांचे भवितव्यही ठरले.

शब्दाचा अर्थ कळणे आणि त्याची कक्षा कळणे यांतील हे अंतर भाषा शिकणाऱ्यालाही एका टप्प्यावर ओलांडावे लागते. युरोपीय भाषिक चौकटीत त्या टप्प्याला बी२ ते सी१ असे म्हणतात. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा एखाद्या आलियॉन्स फ्रॉन्सेजमध्ये कधीकाळी फ्रेंच शिकलेले अनेक मराठी व्यावसायिक नेमके येथेच अडकतात. बातमी समजते, बोलणे निभावते, पण प्रगती थांबल्यासारखी वाटते.

आखातात राहणाऱ्याला हा टप्पा ओलांडण्याची गरज भासण्याची कारणे व्यावहारिक आहेत. ओमानमधील वास्तव्य बहुतांशी नोकरीशी बांधलेले असते आणि ओमानीकरणाच्या धोरणामुळे त्या नोकरीची शाश्वती मर्यादित राहते. पुढचा मुक्काम म्हणून अनेकांची नजर कॅनडाकडे असते. तेथील एक्स्प्रेस एन्ट्री पद्धतीत फ्रेंचच्या चारही कौशल्यांत सातवी पातळी, म्हणजे साधारण बी२, आणि इंग्रजीची किमान पाचवी पातळी असल्यास ५० अधिक गुण मिळतात. फ्रान्सनेही १ जानेवारी २०२६ पासून नागरिकत्वासाठी बी१ ऐवजी बी२ ही अट केली आहे. परीक्षा निवडताना येथे सावध राहावे लागते. देल्फ आणि दाल्फ या पदविका आजन्म ग्राह्य असतात, पण कॅनडाच्या स्थलांतरासाठी टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा द्यावी लागते आणि तिचा निकाल दोनच वर्षे चालतो.

बी२ आणि सी१ यांच्यातील फरक शब्दसंख्येपुरता नाही. देल्फ बी२ च्या लेखनात उमेदवाराने सुमारे २५० शब्दांत आपली बाजू मांडायची असते. दाल्फ सी१ मध्ये त्याआधी आणखी एक काम येते. एकूण सुमारे हजार शब्दांचे उतारे वाचून त्यांचा २२० शब्दांच्या आसपास समन्वित सारांश लिहायचा. त्यात स्वतःचे मत घालायचे नाही, बाहेरची माहिती आणायची नाही आणि मूळ वाक्ये उचलायची नाहीत. मतप्रदर्शनाची संधी त्यानंतरच्या निबंधात मिळते. आधी दुसऱ्याचे म्हणणे निखळपणे मांडणे आणि मग आपले सांगणे, ही शिस्त येथे तपासली जाते.

या वाटेवर मराठी भाषकाजवळ स्वतःची शिदोरी असते. ‘तू’ आणि ‘वू’ यांतील भेद त्याला शिकवावा लागत नाही. तू आणि तुम्ही त्याच्या घरातलेच. फ्रेंचमधील ज्या नियमाने इंग्रजी भाषक गोंधळतात, त्याची सावलीही मराठीत आहे. ‘मी पत्र लिहिले’, ‘मी चिठ्ठी लिहिली’ यांत क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते. फ्रेंचमध्ये ‘झे एक्री ला लेत्र’ असे म्हणताना कृदन्त बदलत नाही, पण कर्म आधी आले की ‘ला लेत्र क झे एक्रीत’ होते आणि शेवटचा ‘त’ ऐकूही येतो. मराठीची सवय आणि ‘कर्म आधी असेल तरच’ ही एक अट, एवढ्यावर हा नियम पक्का होतो.

बातमीदारीतील एक प्रयोगही असाच ओळखीचा निघतो. ‘ल मिनिस्त्र ओरे देमिस्योने’ या वाक्यात संकेतार्थी रूप आहे, पण येथे अट कसलीच नाही. ‘मंत्र्यांनी राजीनामा दिल्याचे समजते’ असे मराठी वृत्तपत्र लिहिते, तोच हा अपुष्ट वृत्ताचा सूर. तो न ओळखणारा वाचक अफवेला वस्तुस्थिती समजतो.

मात्र हीच शिदोरी काही ठिकाणी दगा देते. ‘त्याने यावे अशी माझी इच्छा आहे’ या वाक्यातील विध्यर्थ फ्रेंचमधील सब्जाँक्तिफशी चांगला जुळतो: ‘झ व्ह किल व्हियेन’. त्याच धाग्याने ‘तो यावा अशी आशा आहे’ याचे भाषांतर करावे, तर चूक होते. आशा व्यक्त करणाऱ्या ‘एस्पेरे’ या क्रियापदानंतर होकारार्थी वाक्यात फ्रेंचमध्ये साधा भविष्यकाळ येतो: ‘झेस्पेर किल व्हियाँद्रा’. इच्छा आणि आशा यांची वर्गवारी दोन्ही भाषांनी वेगवेगळी केली आहे.

याहून मोठा धोका इंग्रजीतून येतो, कारण कार्यालयीन जीवन त्याच भाषेत चालते. ‘एव्हाँत्युएलमाँ’ या शब्दाचा अर्थ ‘अखेरीस’ नव्हे, ‘कदाचित, गरज पडल्यास’ असा आहे. ‘आक्त्युएलमाँ’ म्हणजे ‘वस्तुतः’ नव्हे, ‘सध्या’. ‘देले’ म्हणजे विलंब नव्हे, मुदत. पुरवठ्याच्या करारात फ्रेंच बाजूने चार आठवड्यांचा ‘देले’ लिहिला आणि वाचणाऱ्याने तो चार आठवड्यांचा उशीर समजला, तर दोन कंपन्यांत वाद उभा राहू शकतो. सोहार येथील मार्सा एलएनजी प्रकल्पात तोताल एनर्जीजचा ८० टक्के वाटा आहे. फ्रेंच भागीदार आजच्या ओमानमध्ये प्रत्यक्ष व्यवहारात आहेत.

म्हणून या पातळीवर अभ्यासाची पद्धत बदलावी लागते. बी२ कडून सी१ कडे जाण्यास सुमारे २०० तासांचे मार्गदर्शित शिक्षण सर्वसाधारणपणे धरले जाते. आठवड्याला चार तास दिले, तर हे सुमारे वर्षभराचे काम आहे. शब्दांच्या लांबलचक याद्यांपेक्षा एक छोटा नित्यक्रम अधिक उपयोगी पडतो. एकाच विषयावरील दोन फ्रेंच लेख घ्यावेत, दोघांची भूमिका आपल्या फ्रेंचमध्ये दहा ओळींत लिहावी आणि त्यात आपले मत कोठे शिरले ते शोधून खोडावे. आरएफआयचे सोप्या फ्रेंचमधील वार्तापत्र ऐकणाऱ्याने आता त्याच संस्थेच्या नेहमीच्या बातम्यांकडे वळावे. नवा शब्द टिपताना त्याचा अर्थ एका ओळीत आणि तो कोठे चालत नाही हे दुसऱ्या ओळीत लिहावे.

ही दुसरी ओळ सुरुवातीला रिकामीच राहते. वाचन वाढेल तशी ती हळूहळू भरते. तिच्यात भर पडू लागली, की थांबल्यासारखी वाटणारी प्रगती कोठे होत होती, हे शिकणाऱ्याला वहीतच दिसू लागते.