नोकरी सांभाळून संगणकशास्त्रातील पदव्युत्तर पदवी : अभ्यासक्रम निवडीचे निकष

प्रस्तावना

बी.ई., बी.सी.ए. अथवा बी.एस्सी. (संगणकशास्त्र) करून माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात रुजू झालेला विद्यार्थी चार-पाच वर्षांनी आपल्या जुन्या विभागात येतो, तो बहुधा शिफारसपत्रासाठी. घराचे हप्ते सुरू झालेले असल्याने नोकरी सोडणे शक्य नसते; पदव्युत्तर पदवी मात्र हवी असते. अशा वेळी त्याचा पहिला प्रश्न 'कोणती संस्था चांगली?' हा असतो. वस्तुतः हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा होय. पदवी कोणत्या कामासाठी हवी आणि त्या कामात तिच्या नावाला व शिक्षणपद्धतीला मान्यता आहे काय, हे दोन प्रश्न त्याच्या आधीचे आहेत. प्रस्तुत लेखात या क्रमाने निवडीचा विचार केला आहे.

पदवीचे नाव व शिक्षणपद्धती

एम.सी.ए., एम.एस्सी., एम.टेक. व परदेशी एम.एस. या पदव्यांच्या अभ्यासविषयांत बरेच साम्य असते. तथापि नियामक संस्थांच्या दृष्टीने त्या भिन्न आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास मनाई आहे. एम.सी.ए. मात्र आवश्यक त्या परवानगीने या पद्धतीने चालविता येते. अशी मान्यताप्राप्त पदवी प्रत्यक्ष वर्गात मिळविलेल्या पदवीशी समकक्ष मानावी, असे आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

हा भेद केवळ कागदोपत्री आहे असे समजणे किती महागात पडते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालावरून दिसते. ओरिसा लिफ्ट इरिगेशन कॉर्पोरेशनच्या या प्रकरणात चार अभिमत विद्यापीठांनी दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्या तपासल्या गेल्या. २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या निलंबित करून त्यांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या परीक्षेची अट घालण्यात आली. त्यानंतरच्या सत्रांतील पदव्या रद्द झाल्या. या पदव्यांच्या आधारे पदोन्नती मिळविलेले अनेकजण नोकरी करीतच शिकले होते. त्यांनी शुल्क भरले होते, परीक्षाही दिल्या होत्या. चूक झाली ती प्रवेशापूर्वी मान्यता न तपासण्याची. अर्थात दोष केवळ त्यांचा म्हणता येणार नाही.

म्हणून अध्यापनाकडे वळू इच्छिणाऱ्याने आधी पात्रतेचे नियम पाहावेत. अभियांत्रिकी महाविद्यालयातील पदासाठी बी.ई. व एम.ई./एम.टेक. ही साखळी लागते. विज्ञान महाविद्यालयासाठी पदव्युत्तर पदवी व नेट हा मार्ग आहे. कंपनीतच वरच्या पदावर जायचे असेल, तर पदवीच्या नावापेक्षा अभ्यासलेले विषय अधिक उपयोगी पडतात.

उपलब्ध पर्याय

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे एम.सी.ए. हा कमी खर्चाचा व सर्वपरिचित पर्याय होय. पूर्वी तीन वर्षांचा असलेला हा अभ्यासक्रम आता दोन वर्षांचा आहे. स्वाध्याय, सत्रान्त परीक्षा व प्रकल्प असे त्याचे स्वरूप असून शिकण्याची बहुतेक जबाबदारी विद्यार्थ्यावरच राहते. बिट्स पिलानीचा सॉफ्टवेअर सिस्टीम्समधील एम.टेक. चार सत्रांचा असून तो दूरस्थ शिक्षण म्हणून नव्हे, तर कार्य-एकात्म शिक्षण म्हणून राबविला जातो. प्रबंध कामाच्या ठिकाणच्या विषयावर करता येणे हा त्याचा मोठा लाभ. परंतु प्रवेशासाठी नोकरीत असणे आवश्यक असल्याने मध्येच नोकरी गेल्यास काय, हे आधीच विचारून ठेवावे. आयआयटी कानपूरने २०२२ पासून सुरू केलेल्या ई-मास्टर्सला गेट परीक्षा लागत नाही. मात्र त्या पदवीचे नाव एम.टेक. नाही, हे ध्यानात घ्यावे.

अमेरिकेतील जॉर्जिया टेकचा ऑनलाइन एम.एस. हा या क्षेत्रातील विशेष अभ्यासनीय प्रयोग आहे. युडॅसिटी व एटी अँड टी यांच्या सहकार्याने २०१३ मध्ये त्याची घोषणा झाली व जानेवारी २०१४ मध्ये वर्ग सुरू झाले. संपूर्ण पदवीचा खर्च सुमारे ७,००० डॉलर ठेवण्यात आला. पदवीपत्रावर 'ऑनलाइन' असा उल्लेख नसतो. प्रवेशाचे दार रुंद असले तरी आतील वाट अरुंद आहे : पहिल्या वर्षात दोन पायाभूत विषय किमान 'बी' श्रेणीने उत्तीर्ण व्हावे लागतात. भारतात अध्यापन अथवा शासकीय सेवा हे उद्दिष्ट असल्यास परदेशी पदवीच्या समकक्षतेची चौकशी प्रवेशापूर्वीच करावी.

वेळेचा हिशेब

जॉर्जिया टेकच्या पदवीला दहा विषय लागतात. वर्षाला तीन सत्रे धरून प्रत्येक सत्रात एकच विषय घेतला, तरी तीन वर्षांहून अधिक काळ लागतो. हलका विषय आठवड्याला आठ-दहा तास मागतो. प्रचालन प्रणाली वा अल्गोरिदमसारखा जड विषय वीस तासांपर्यंत जातो. हिंजवडी वा ऐरोलीस रोज दोन-अडीच तासांचा प्रवास करणाऱ्याला हे तास शनिवार-रविवारीच काढावे लागतात आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ग्राहकाकडे बसविण्याचे कामही नेमके त्याच दोन दिवशी येते. शिवाय तेथील रविवार रात्र म्हणजे आपल्याकडील सोमवार सकाळ. मुदत व कार्यालयाची वेळ एकमेकांवर आदळतात.

दोन वर्षांचा ठरावीक अभ्यासक्रम लवकर संपतो, पण त्यात एखादे सत्र विनासायास सोडता येत नाही. घरी लहान मूल अथवा आजारी वडीलधारे असलेल्यास सत्र स्थगित करण्याची मुभा हीच संस्थेच्या नावाहून मोलाची ठरते. ही मुभा माहितीपुस्तिकेत क्वचितच ठळक छापलेली असते. शिफारसपत्र मागावयास आलेल्या विद्यार्थ्याकडून शिक्षकाने पदवीचे नेमके नाव, मान्यतेचे पत्र व सत्र सोडण्याचा नियम या तीन गोष्टी आधी मागवून घ्याव्यात. त्या हाती आल्यावर पुष्कळदा अर्जावरील संस्थेचे नावच बदलते.