नाक नाही, डोळे नाहीत. मग हा कोण?

दोन त्रिकोण काढा. एक उलटा, एक सुलटा, टोकाला टोक. वर गोळा, बाजूंना काड्यांचे हातपाय. झाला माणूस! नाकडोळे नाहीत, तरी त्याला कुणी भोपळा म्हणणार नाही.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर वारली आदिवासी भिंतींवर असाच माणूस काढत आलेत. कुडाची भिंत शेणानं सारवायची, गेरू लावायचा, तांदूळ वाटून पांढरा रंग करायचा आणि बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला. (मी चावून पाहिलं. कुंचला झाला नाही, जिभेत कुसळ मात्र गेलं.)

आता तारपा नाच बघा. मध्ये तारपा हे वाद्य फुंकणारा, भोवती माणसांचं वेटोळं. डोक्यामागे अंबाडा दिसला की बाई. वरचा त्रिकोण कलला की कंबर वाकली! चेहरा एकही नाही, तरी कोण रंगात आलंय ते कळतं.

कसं काय? १९७३ साली स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी माणसांच्या खांद्या-गुडघ्यांवर दिवे लावून अंधारात त्यांचं चित्रण केलं. पडद्यावर नुसते दहा-बारा ठिपके. पण ठिपके हलले, की बघणारे लगेच म्हणायचे, ‘अरे, माणूस चालतोय!’ वारली चित्र तर हलतही नाही. मला वाटतं, ते हलवायचं काम आपलं डोकं करतं.

गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे लहानपणी आई गेल्यावर बोलेनासे झाले. सांगायचं ते मातीत रेघा ओढून सांगायचे. पुढे हीच चित्रं कागदा-कापडावर आली, परदेशात गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

बिनचेहऱ्याचा माणूस तिकडे अमेरिकेतही भेटतो. तिथल्या लॉर्ना सिम्पसन या कृष्णवर्णीय कलावतीनं १९८६ साली एक छायाचित्र केलं. पांढऱ्या कपड्यातली एक काळी बाई आपल्याकडे पाठ करून उभी. एका हातात धातूचा जग, दुसऱ्यात प्लास्टिकचा कॅन, दोन्हींतून पाणी पडतंय. खाली दोन-तीन ओळी: तिनं नदीवर काहीतरी पाहिलं, लोकांनी विचारलं, तिनं सांगितलं ते मात्र खरं धरलं नाही. लोक चेहरा नि रंग बघून माणूस ठरवून टाकतात. ही चेहराच दाखवत नाही. घ्या!

रागावली असेल? दमली असेल? मी भाचीला विचारलं.

‘पाणी संपायची वाट बघतेय.’

‘आणि मग?’

‘मग वळेल. नाहीतर पुन्हा भरायला जाईल.’