चिकूची फळकूज आणि माडाचा कोंब कुजणे

नवापूर, तारापूर, चिंचणी व तेथून वर डहाणू-घोलवडपर्यंत ज्यांच्या वाड्या आहेत, त्या बागाईतदार बंधूंस पावसाळ्यातील दोन दुखणी सांगावयास नकोत. आषाढ-श्रावणात चिकूची फळे काळपट पडून कुजतात व झाडाखाली त्यांचा सडा पडतो. माडाची मधली न उमललेली सुरळी फिकट पडते, ओढली असता सहज हाती येते आणि बुडाशी दुर्गंधी सुटते. पहिल्यास लोक पावसाचा मार म्हणतात. दुसऱ्यास कोणी दृष्ट म्हणतो, कोणी गेंड्या भुंग्याचे काम. भुंगा जखम करून रोगास वाट देतो हे खरे, परंतु दोहोंचे मूळ कारण फायटोप्थोरा नावाची बुरशी होय.

या ग्रीक नावाचा अर्थच वनस्पतींचा नाश करणारी असा आहे. १८४५ साली आयर्लंडात बटाट्याचे पीक बुडून जो दुष्काळ पडला, तो याच कुळातील एका जातीमुळे. सुपारीचा कोळेरोग, पानमळ्यातील वेलींची मर, हेही तिचेच प्रताप. हल्लीचे शास्त्रज्ञ हिला खरी बुरशी मानीत नाहीत. हिचे बीजाणू शेपटीच्या साहाय्याने पाण्यात पोहतात. म्हणून पान व फळ जितका वेळ ओले, तितके हिचे फावते.

आता आपल्या जुन्या चिकूवाड्यांकडे पाहावे. झाडे १० मीटरांवर, म्हणजे एकरी सुमारे ४०, लाविलेली असतात. पुढे वय वाढते तशी फांदीस फांदी भिडते व खाली ऊन पोहोचत नाही. शिवाय कालीपत्ती जातीस वर्षभर थोडीबहुत फळे असतातच, त्यामुळे ऐन पावसात रोगास खाद्य तयारच असते. पावसापूर्वी सुकलेल्या व दाटलेल्या फांद्या काढून उजेड आत घेणे हा पहिला उपाय. गळलेली फळे बुंध्याशी ढीग करून खत होईल म्हणून ठेवण्याची चाल आम्हांस फार घातक वाटते; ती वेचून खोल पुरावीत. बी पोखरणाऱ्या अळीचा प्रकार मात्र निराळा आहे. ती बाहेर पडताना फळास छिद्र पाडते, व तीस मोरचुदाने काही होत नाही.

माडाचे प्रकरण अधिक कठीण. त्यास कोंब एकच. तो गेला की झाड गेले. सुरळी फिकी दिसताच वर चढून कुजका भाग निरोगी गाभ्यापर्यंत खरवडून काढावा, जखमेवर बोर्डो मलम लावावे, आणि पाणी आत जाऊ नये असे झाकावे. कोंब मेलाच असेल, तर झाड पाडून शेंडा जाळावा. येथे पुष्कळांचा हात अडखळतो. सातबाऱ्यात माडांची संख्या लागते, पण त्यांतले किती मेलेले, यास रकाना नाही. आणि उभा असलेला मेला माडही मालकास आपली मालमत्ताच वाटतो. शेजाऱ्याच्या वाडीस मात्र तो दर पावसात रोग पुरवितो.

बोईसरच्या पूर्वेकडील सागाच्या पानांखाली नारिंगी भुकटी दिसते, तो तांबेरा. मोठ्या झाडास त्याने सहसा धोका नसतो. रोपवाटिकेत मात्र जपावे. पानांची नुसती जाळी झालेली असेल तर ते अळीचे काम. दोन्ही कारणांनी घाबरून साग तोडावयास निघू नये, आणि तोडावयाचा झाल्यास परवानगीवाचून तोडू नये.

चिकू व माड या दोहोंसाठी १ टक्का बोर्डो मिश्रण पावसापूर्वी फवारावे, व पुढे उघाड पडताच पुन्हा फवारावे. १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना निरनिराळ्या प्लॅस्टिकच्या वा मातीच्या भांड्यांत विरघळवून, एकत्र ओतून १०० लिटर पाणी करावे. मलमासाठी तेवढ्याच जिनसांस पाणी १० लिटर. लोखंडी भांडे वापरू नये. मिश्रणात स्वच्छ विळा बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर धरला, तर आणखी चुन्याची निवळी घालावी. तयार मिश्रण त्याच दिवशी संपवावे. रोगाविषयी शंका असल्यास ताजे कुजू लागलेले फळ कोसबाडच्या कृषि विज्ञान केंद्रात नेऊन दाखवावे. पार सडलेले नेऊ नये, कारण त्यात दुसऱ्याच बुरशी वाढलेल्या असतात.